लिटरमागे एक नॅनोग्रॅम

खडकवासला धरण भरलं की त्यात १.९७ टीएमसी उपयुक्त साठा होतो, म्हणजे जवळपास ५,५८० कोटी लिटर पाणी. या सगळ्या पाण्यात लिटरमागे एक नॅनोग्रॅम या प्रमाणात संप्रेरक मिसळायचं असेल, तर ५६ ग्रॅम पुरतं. नदीतली आणि सांडपाण्यातली संप्रेरकं आणि संप्रेरकांसारखी वागणारी औद्योगिक रसायनं मोजण्याचं काम या पट्टीवर चालतं. बीओडी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आपण मिलिग्रॅममध्ये सांगतो. इथे त्याच्या दहा लाखाव्या भागाचा हिशेब आहे. म्हणूनच निकालात पाण्यातल्या रसायनाबरोबर बाटलीचं झाकण, हातमोजे, गाळणकागद आणि प्रयोगशाळेतली हवासुद्धा उतरते.

एवढ्याशा मात्रेने काय होतं, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर कॅनडात मिळालं. ऑन्टारिओ प्रांतातल्या ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’मधल्या सरोवर क्रमांक २६० मध्ये २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, इथिनिल-इस्ट्राडायॉल, लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील इतकं सोडण्यात आलं. नर माशांच्या शरीरात व्हायटेलोजेनिन हे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनू लागलं, वृषणांची वाढ बिघडली, आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली संख्या जवळजवळ संपली.

इंग्लंडमध्ये शोधाची सुरुवातच माशांपासून झाली होती. लंडनजवळच्या ली नदीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस नर आणि मादी अशी दोन्ही लक्षणं असलेले रोच मासे सापडले. पुढे ट्राउट माशांचे पिंजरे सांडपाणी केंद्रांच्या निचऱ्यात ठेवले गेले. त्यांच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन ठिकाणानुसार पाचशेपट ते एक लाखपट वाढलं. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. संशय आधी कारखान्यांच्या रसायनांवर होता. ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात केंद्रांचा निचरा टप्प्याटप्प्याने वेगळा केला आणि प्रत्येक भाग इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या यीस्टवर तपासला. १९९८ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: मुख्य दोषी माणसाच्या लघवीतून येणारी नैसर्गिक इस्ट्रोजेन, इस्ट्रोन आणि १७-बीटा-इस्ट्राडायॉल. सातही ठिकाणी ती होती, लिटरला १ नॅनोग्रॅमपासून अनुक्रमे जवळपास ८० आणि ५० पर्यंत. इथिनिल-इस्ट्राडायॉल मात्र फक्त तीन नमुन्यांत सापडलं, ०.२ ते ७ नॅनोग्रॅम.

आता आपल्याकडचा एखादा अहवाल डोळ्यांसमोर आणा. नदीच्या नेहमीच्या तपासणीत बीओडी, सीओडी, विरघळलेला ऑक्सिजन, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू असतात; संप्रेरकं नसतातच. समजा एखाद्या संस्थेने पदरचे पैसे घालून ती तपासून घेतली आणि कागदावर ‘इथिनिल-इस्ट्राडायॉल : आढळले नाही’ असं आलं. त्या प्रयोगशाळेची मोजण्याची खालची मर्यादा लिटरला १० नॅनोग्रॅम असेल, तर त्याच पद्धतीने सरोवर २६० चं पाणी तपासलं असतं तरी ‘आढळले नाही’ असंच उत्तर आलं असतं, आणि तिकडे मासे संपत आले असते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये पाण्यात लक्ष ठेवायच्या रसायनांची निरीक्षण यादी काढली तेव्हा या रसायनासाठी ०.०३५ नॅनोग्रॅमपर्यंत पाहू शकणारी पद्धत हवी अशी अट घातली; इस्ट्रोन आणि इस्ट्राडायॉलसाठी ०.४. मोजण्याची मर्यादा सोबत न देता लिहिलेलं ‘आढळले नाही’ कोरा कागद आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढचा सगळा खटाटोप ही मर्यादा खाली आणण्यासाठी आणि ती खरी ठेवण्यासाठीच असतो.

काय शोधायचं, ही यादी युरोपातून उचलू नये. तिकडे गोळीचा वापर मोठा आहे. आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ५ टक्के गोळी वापरत होत्या आणि ३८ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली होती. ‘माला-एन’च्या एका गोळीत इथिनिल-इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असतं. ‘सहेली’ या गोळीत यातलं काहीच नसतं, तिचं औषध स्टेरॉइड प्रकारातलं नाही. म्हणून भारतीय शहराच्या यादीत इस्ट्रोन आणि इस्ट्राडायॉल आधी, लेव्होनॉरजेस्ट्रेल नक्की, इथिनिल-इस्ट्राडायॉलही हवंच, पण त्याच्यावर सगळी भिस्त नको. संप्रेरकांसारखी वागणारी बिस्फेनॉल-ए, ट्रायक्लोसान आणि पॅराबेन ही रसायनं घरगुती सांडपाण्यातून येतात. जिथे कापडावर ओली प्रक्रिया होते तिथे, उदाहरणार्थ इचलकरंजीच्या खाली पंचगंगेवर, नोनिलफिनॉल यादीत वरच्या जागी हवं. धुलाईच्या साबणद्रव्यांतली नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट्स मैल्यात तुटत तुटत नोनिलफिनॉलवर येऊन थांबतात, आणि मूळ द्रव्यापेक्षा हा शेवटचा तुकडा जास्त त्रासदायक असतो.

गोठ्यांचा विचार तर हमखास राहून जातो. गायी-म्हशींच्या शेणातून १७-अल्फा-इस्ट्राडायॉल मोठ्या प्रमाणात येतं. माणसाच्या १७-बीटा-इस्ट्राडायॉलचा हा जुळा भाऊ; वस्तुमान तेच, आणि रेणू तोडून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात (मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) तुटून पडणारे तुकडेही तेच. यंत्राआधी रसायनं एकेक करून सुटी करणाऱ्या स्तंभामध्ये म्हणजे कॉलममध्ये दोन्ही वेळेने वेगळी झाली नाहीत, तर नदीकाठच्या गोठ्याचा हिशेब सांडपाणी केंद्राच्या नावावर लागतो. अल्फा आणि बीटा एकत्र टोचून आलेखावरची त्यांची दोन शिखरं तळापर्यंत सुटी होतात का, हे नमुना टोचण्याआधी पाहिलंच पाहिजे. सुटी होत असतील तर हाच उपद्रव पुरावा बनतो: अल्फा जास्त असेल तर जनावरांकडे बोट जातं.

जागा निवडताना नदीचं वागणं माहीत हवं. पुण्यात मुठेचं मोजमाप करायचं तर खडकवासल्याच्या लगेच खाली एक संदर्भ नमुना, मग शहरातून येणाऱ्या ओढ्यानाल्यांच्या वर आणि खाली. संगमाजवळ फसगत होते. मुळा आणि मुठा एकत्र आल्या तरी काही अंतर डाव्या काठाने मुळेचं आणि उजव्या काठाने मुठेचं पाणी जवळजवळ वेगवेगळं वाहतं. तिथे एका काठावरून बादली बुडवली तर एकाच नदीचं पाणी मिळतं. एक तर आणखी खाली जावं, नाहीतर पुलावरून रुंदीत तीन ठिकाणी नमुने घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करावेत. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे पाणी साचून राहतं, तळाचा गाळ ढवळला जातो. तिथला आकडा वाहत्या पाण्याच्या आकड्याशेजारी ठेवू नये. मुंढव्याचा जॅकवेल महत्त्वाचा, कारण तिथून उचललेलं पाणी बेबी कालव्याने शेतीला जातं.

वेळही तितकीच महत्त्वाची. सांडपाणी केंद्रात सकाळी लोट येतो, पहाटे तो ओसरतो. सकाळी अकराला घेतलेला एकच नमुना दिवसाबद्दल फार थोडं सांगतो. चोवीस तासांचा, दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला मिश्र नमुना हवा, आणि तो जमेपर्यंत बर्फात ठेवलेला हवा. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी यांची तुलना करताना पाणी केंद्रात जितके तास राहतं तितक्या उशिराने बाहेरचा नमुना सुरू करायचा. शिवाय प्रत्येक आकड्यासोबत त्या वेळचा प्रवाह लिहायचा. पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असताना मिळालेला ०.५ आणि मे महिन्यात नुसतं सांडपाणी वाहत असताना मिळालेला ५, यांतून दिवसाला नदीत गेलेले ग्रॅम काढले तर पावसाळ्याचा आकडा मोठाही निघू शकतो.

बाटली अंबर रंगाच्या बोरोसिलिकेट काचेची, एक लिटरची, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. प्लास्टिक चालत नाही: पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-ए सोडतं, बाकीची प्लास्टिकं थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) सोडतात किंवा संप्रेरकं स्वतःला चिकटवून घेतात. काचसामान ४५० अंशांवर चार तास भाजायचं (मोजमापाचे फ्लास्क सोडून, ते भाजले की त्यांचं माप बिघडतं), मग मिथेनॉलने विसळायचं, तोंडावर भाजलेला ॲल्युमिनियम फॉइल. बादली स्टीलची. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी हाताला क्रीम लावू नये, पॅराबेन तिथूनच येतात. टोलनाक्याची किंवा एटीएमची गुळगुळीत पावती हाताळून थेट बाटलीला हात लावू नये, कारण त्या कागदावर बिस्फेनॉल सुटं असतं.

पाणी घेतल्या क्षणापासून जिवाणू संप्रेरकं खात असतात. चार अंशांवर अंधारात ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत अर्क काढायचा, म्हणजे संप्रेरकं पाण्यातून थोड्याशा मिथेनॉलमध्ये आणायची. तेवढ्यात शक्य नसेल तर लिटरला एक ग्रॅम सोडियम अझाइड घालतात. हे विषारी आहे, आणि आम्लात गेलं तर त्यातून हायड्रोझोइक आम्लाचा जीवघेणा वायू सुटतो. म्हणून अझाइड घातलेल्या बाटलीत पुन्हा आम्ल घालायचं नाही आणि ते पाणी तांब्या-शिशाच्या नळांच्या मोरीत ओतायचं नाही, तिथे स्फोटक क्षार साचतात. क्लोरीन दिलेलं पाणी असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास. नाहीतर उरलेलं क्लोरीन इस्ट्रोजेनच्या फिनॉल कड्यावर बसतं, रेणूचं वस्तुमान बदलतं, आणि यंत्राला ते दिसेनासं होतं. केंद्र उत्तम चालतंय असा खोटा निष्कर्ष असाच निघतो.

आता ब्लँक. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी बाटलीत भरून नदीवर न्यायचं, तिथे झाकण उघडायचं, दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि परत आणायचं. हा फील्ड ब्लँक. त्यातून पुढे बाकीच्या नमुन्यांसारखाच अर्क काढायचा. ब्लँकमध्ये बिस्फेनॉल-ए लिटरला ८ नॅनोग्रॅम निघालं आणि नदीत १२, तर नदीत ४ आहे असं म्हणता येत नाही, कारण ब्लँक दर वेळी ८ च देईल याची खात्री नाही. निदान सात-आठ ब्लँक घेऊन त्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, याच्या वर जे जाईल तेच बोलायचं. थॅलेटांच्या बाबतीत हा उंबरठा अनेकदा इतका वर जातो की नदीबद्दल काही बोलता येत नाही. तसं असेल तर तसंच लिहावं.

अर्क काढण्याआधी गाळण: ०.७ मायक्रॉनचा काचतंतूंचा भाजलेला कागद. मुठेच्या काळसर पाण्यात तो दोन-तीनशे मिलिलिटरला तुंबतो, म्हणून आधी १.२ मायक्रॉनचा लावावा. कागदावर राहिलेला गाळ फेकायचा नाही. नोनिलफिनॉल आणि इस्ट्रोजेन कणांना चिकटतात. कागद मिथेनॉलमध्ये घालून अल्ट्रासोनिक हलवणी देऊन वेगळा अर्क घ्यायचा. ज्या अहवालात ‘विरघळलेलं’ की ‘एकूण’ हे लिहिलेलं नाही, त्याची तुलना दुसऱ्या कशाशीही करता येत नाही.

गाळलेल्या पाण्यात लगेच, अर्काच्या आधी, खुणेची स्टँडर्ड घालायची, म्हणजे जड अणू बसवलेली तीच रसायनं, ठरलेल्या मात्रेत. जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, असलेली महाग पडतात. पण ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, काही अल्कलीत किंवा आम्लात आपला ड्युटेरियम गमावतात आणि मग नुकसान किती झालं हे सांगणारी खूणच खोटं बोलते. मग संप्रेरक धरून ठेवणारं २०० मिलिग्रॅमचं एचएलबी कार्ट्रिज: ५ मिलिलिटर मिथेनॉल, ५ मिलिलिटर पाणी, आणि कोरडं पडू न देता नमुना मिनिटाला ५ मिलिलिटरच्या वेगाने. घाईत १५–२० चा वेग दिला की संप्रेरक आरपार निघून जातं. नदीचं एक लिटर जातं, कच्च्या मैलापाण्याचं १०० ते २५० मिलिलिटरच. नमुना संपल्यावर रिकामी बाटली थोड्या मिथेनॉलने विसळून तेही अर्कात घ्यायचं. काचेवर चिकटलेला वाटा तिथे असतो. ५ टक्के मिथेनॉलने धुणं, पंधरा-वीस मिनिटं सुकवणं, मग ६ ते ८ मिलिलिटर मिथेनॉलने उतरवणं. नायट्रोजनखाली आटवताना पूर्ण कोरडं करू नये, नोनिलफिनॉल उडून जातं. शेवटचं आकारमान १०० ते २०० मायक्रोलिटर.

०.०३५ नॅनोग्रॅमची अट किती कठीण आहे, ते इथे कळतं. एक लिटरमधले ३५ पिकोग्रॅम १०० मायक्रोलिटरमध्ये आणले आणि त्यातले २० मायक्रोलिटर यंत्रात टोचले, तर आत जातात ७ पिकोग्रॅम, तेही काहीच वाया गेलं नाही तर. निगेटिव्ह मोडमध्ये, म्हणजे रेणूवर ऋण विद्युतभार चढवून मोजताना, इस्ट्रोजेन मुळातच अशक्त संदेश देतात. चलद्रवात, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, थोडं अमोनियम फ्लोराइड घातलं तर संदेश बराच वाढतो. दुसरा मार्ग डॅन्सिल क्लोराइडशी जोडून पॉझिटिव्ह मोडमध्ये मोजण्याचा. त्यात संवेदनशीलता मिळते, पण प्रत्येक डॅन्सिल संयुग १७१ वस्तुमानाचाच तुकडा देतं, त्यामुळे ओळख पटवण्याची ताकद घटते. साध्या पद्धतीत १७-बीटा-इस्ट्राडायॉलसाठी मूळ आयनाच्या २७१ वस्तुमानावरून पडणारे १४५ आणि १८३ चे तुकडे, इस्ट्रोनसाठी २६९ वरून १४५ आणि १४३, इथिनिल-इस्ट्राडायॉलसाठी २९५ वरून १४५ आणि १५९ पाहतात. दोन तुकड्यांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या आत नसेल तर शिखर कितीही देखणं असलं तरी सोडून द्यायचं. नोनिलफिनॉलच्या बाबतीत एक चूक वारंवार छापून येते: सरळ साखळीचं स्टँडर्ड वापरण्याची. नदीतलं नोनिलफिनॉल फांद्यांच्या साखळ्यांचं मिश्रण असतं, त्याचा तुकडा १३३ चा. सरळ साखळीचा १०६ चा. १०६ शोधत बसलं तर नोनिलफिनॉलने भरलेली नदीही स्वच्छ दिसते.

सांडपाण्यात साबण, ह्युमिक आम्लं, चरबी असते. ती संप्रेरकाबरोबर त्याच सेकंदाला आयनकक्षात आली की त्याचा आवाज दाबतात. मात्रा वाढवत नेल्यावर संदेश किती चढतो याचा शुद्ध द्रावणात मिळालेला उतार आणि नदीच्या अर्कात मिळालेला उतार यांची तुलना केली तर हा दाब कळतो. कच्च्या मैलापाण्यात निम्म्याहून जास्त संदेश गायब होणं नवलाचं नाही. फ्लोरिसिल किंवा सिलिका या भुकटीवरून अर्क पुन्हा एकदा साफ करावा लागतो. म्हणूनच शुद्ध पाण्यात ठरवलेली मोजण्याची खालची मर्यादा (डिटेक्शन लिमिट) नदीच्या अहवालावर छापणं गैर आहे. ती त्याच नदीच्या पाण्यात ठरवायला हवी.

यंत्र फक्त विचारलेलं सांगतं. न विचारलेल्यासाठी यीस्ट आहे. मानवी इस्ट्रोजेन-ग्राहकाचं (रिसेप्टरचं) जनुक घातलेलं यीस्ट इस्ट्रोजेन दिसलं की एक विकर (एन्झाइम) बनवतं आणि सीपीआरजी हे पिवळं रंगद्रव्य लाल होतं. ९६ खळग्यांच्या ताटात अर्क वाळवायचा, २०० मायक्रोलिटर माध्यम घालायचं, ३२ अंशांवर तीन दिवस ठेवायचं, मग ५४० नॅनोमीटरवर रंग आणि ६२० वर गढूळपणा वाचायचा. २०१८ पासून आयएसओ १९०४० या मानकात यीस्ट चाचणीची प्रमाण रीत लिहिलेली आहे. गढूळपणा घटला असेल तर यीस्ट मेलंय आणि ‘इस्ट्रोजेन नाही’ हा निकाल रद्द. अल्किलफिनॉलसारखी काही रसायनं शेजारच्या खळग्यात सरकतात, म्हणून नमुन्यांच्या मध्ये रिकामे खळगे सोडायचे. आणखी एक मोठी मेख आहे. यीस्टच्या लेखी इथिनिल-इस्ट्राडायॉल आणि इस्ट्राडायॉल साधारण सारख्याच ताकदीची. माशाच्या शरीरात मात्र पहिलं दहापटीहून अधिक जोरकस, कारण ते लवकर मोडत नाही. यीस्टचा आकडा लहान आला म्हणून माशांना धोका नाही असं ठरत नाही. यंत्राच्या आकड्यांची बेरीज आणि यीस्टचा आकडा शेजारी ठेवावेत. यीस्ट बरंच जास्त सांगत असेल तर यादीबाहेरचं काहीतरी पाण्यात आहे.

माशांकडून थेट पुरावा घेण्याचा मोह होतो. उजनीतल्या चिलापीचं नर-मादी प्रमाण मोजलं की झालं, असं वाटतं. पण सगळी पिल्लं नर व्हावीत म्हणून चिलापीच्या मत्स्यबीजाला मिथाइल-टेस्टोस्टेरॉन खाऊ घालण्याची पद्धत जगभर आहे, त्यामुळे या माशाचं प्रमाण नदीबद्दल काही सिद्ध करत नाही. नर माशाच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन हा त्याहून भक्कम पुरावा, मात्र त्या जातीला लागू पडणारी चाचणी हातात हवी.

केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात इस्ट्रोन आत येणाऱ्यापेक्षा जास्त निघालं तर प्रयोगशाळेला दोष देण्याची घाई करू नये. शरीर संप्रेरकं ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून बाहेर टाकतं. गटारातले ई-कोलाय ग्लुकुरोनाइड तोडून ती पुन्हा मोकळी करतात, सल्फेटवाली बराच काळ तशीच राहतात आणि केंद्रात सुटतात. इस्ट्राडायॉलही तिथे आधी इस्ट्रोनच बनतं. जोडलेली रूपं मोजलीच नाहीत तर आतला आकडा लहान दिसतो. गाळ टाक्यांत दहा-बारा दिवसांहून जास्त टिकतो, नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) नीट होतं, अशा केंद्रांत इस्ट्रोजेन चांगलं घटतं. म्हणून संप्रेरकांच्या आकड्याशेजारी गाळाचं वय आणि अमोनिया लिहिलेलं असावं.

शेवटी अर्काचे दोन भाग करावेत. एक यंत्राला, दुसरा मिथेनॉलमध्ये अंबर कुपीत, उणे २० अंशांवर. कुपीचं वजन ठेवताना आणि काढताना करायचं, म्हणजे द्रावक किती उडालं ते कळतं. लेबलवर जागा, वेळ, प्रवाह, गाळणकागद, लिटर. त्याच दिवसाच्या फील्ड ब्लँकचा अर्कही त्याच डब्यात ठेवायचा, कारण काही वर्षांनी एखादं नवं रसायन त्या कुपीत सापडलं तर ते नदीतलं की आपल्याच काचेतलं, हे ठरवायला दुसरं काही हाताशी नसतं.